लेखकच बसलाय सतरंजीवर!

मुलांनो, आज आधी एक छोटंसं काम. घरातलं कुठलंही मराठी पुस्तक घ्या. गोष्ट नका वाचू. मुखपृष्ठ उलटल्यावर एकदोन पानांनंतर बारीक अक्षरांचं एक पान येतं ना, जे आपण कधीच वाचत नाही, ते वाचा. तिथं प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, किंमत असं काहीबाही लिहिलेलं असतं. इंग्रजांच्या राज्यात १८६७ साली एक कायदा झाला. पुस्तक कुणी छापलं आणि कुणी प्रसिद्ध केलं, ते नाव-गावासकट छापलंच पाहिजे, असं त्यात होतं. सरकारला लेखकांवर नजर ठेवायची होती, दुसरं काय! पण ते पान आपल्याला आज उपयोगी पडतं.

बहुतेक पुस्तकांवर लेखक एका गावचा आणि प्रकाशक पुण्याचा, मुंबईचा नाहीतर नागपूरचा असतो. पण कधी कधी एखादं बारीकसं पुस्तक हाती येतं, त्यावर दोघांचा पत्ता एकच! वॉर्ड तोच, घर तेच. आणि प्रकाशक म्हणून नाव असतं लेखकाच्या बायकोचं. अशी पुस्तकं पाहिली की मला फार गंमत वाटते. म्हणजे पुस्तक लिहिलं यांनी, प्रसिद्ध केलं यांच्याच घरानं, आणि विकायचं कुणी? तेही यांनीच. कुठं विकायचं, हा मात्र मोठा प्रश्न. आमच्या नागपुरात त्याला एक उत्तर आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर.

नागपूरच्या मुलांना दीक्षाभूमी सांगायला नको. पण हे पान सातारा, सिंधुदुर्गची मुलंही वाचतात, म्हणून थोडक्यात सांगते. १४ ऑक्टोबर १९५६, त्या दिवशी दसरा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग आपल्या लाखो अनुयायांना दिली. त्या जागी आज मोठा पांढरा स्तूप आहे. १८ डिसेंबर २००१ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दरवर्षी दसऱ्याला तिथं लाखो माणसं येतात. रेल्वेनं, एसटीनं, ट्रकमधून, पायीसुद्धा. राहाटे कॉलनी, लक्ष्मीनगर, माता कचेरी या सगळ्या भागातले रस्ते माणसांनी भरून जातात. ठिकठिकाणी फुकट जेवण, फुकट पाणी.

आता मोठी गर्दी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? आकाशपाळणा, बांगड्या, भेळ. तेही असतं थोडंफार. पण इथं सगळ्यात जास्त दुकानं असतात ती पुस्तकांची. आधी मोठ्या प्रकाशकांचे मंडप. मग सरकारी स्टॉल. तिथं बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे जाडजूड खंड मिळतात, आणि त्यासाठी लोक रांग लावतात. (हे खंड महाराष्ट्र सरकारनं १९७९ पासून काढायला सुरुवात केली. त्यांचे पहिले संपादक वसंत मून आपल्या नागपूरचेच, बरं का!) या मंडपांची ओळ संपली की खरी मजा सुरू होते. रस्त्याच्या कडेला सतरंज्या, प्लास्टिकचे कागद, एखादी खाट. त्यावर पुस्तिका मांडलेल्या. गाण्यांच्या, कवितांच्या, कुणाच्या आत्मचरित्राच्या, कुण्या गावाच्या इतिहासाच्या. मागं बसलेला माणूस दुकानदार नसतो. तोच लेखक असतो.

मागच्या वेळी अशाच एका सतरंजीपाशी मी बराच वेळ थांबले. एसटीत ड्रायव्हर म्हणून नोकरी केलेले, आता निवृत्त झालेले एक काका तिथं बसले होते. त्यांनी आपल्या गावच्या शाळेचा इतिहास लिहिला होता. शाळेत कुणाला बाहेर पडवीत बसवायचे, पाणी कसं वरून ओतायचे, गावातली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी कोण, ती पुढे कुठं गेली. ४८ पानं, किंमत ४० रुपये. हे सगळं मास्तरांच्या दप्तरात नव्हतं. काकांनी म्हाताऱ्या माणसांना विचारून, दोन वर्षं वहीत लिहून काढलं होतं. त्यातली निम्मी माणसं आता राहिली नाहीत.

छापायला पैसे कुठून आणले? तर घराचे पत्रे बदलायला ठेवले होते, त्यातून.

"घरी चालून गेलं?" मी विचारलं.

"कायचं चालते मॅडम! मंडळी म्हणते, पाऊस आला की पुस्तकच धरा आता डोक्यावर."

आम्ही दोघंही हसलो, पण ते पुढे बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मला हिशेब सांगितला. तुम्ही वही-पेन्सिल घ्या, चांगला हिशेब आहे.

त्यांनी ५०० प्रती छापल्या. एका प्रतीला २५ रुपये खर्च आला, म्हणजे एकूण १२,५०० रुपये. कमी का नाही छापल्या? कारण ऑफसेट यंत्रावर छापायचं तर आधी प्लेटी कराव्या लागतात, आणि प्लेटीचा खर्च ५० प्रतींना जेवढा तेवढाच ५०० प्रतींना. प्रती कमी, तर एकेक प्रत महाग. आता संगणकावरून थेट थोड्या प्रती छापून देणारी यंत्रं आली आहेत, पण त्यांत प्रत महागच पडते.

आता हे पुस्तक दुकानात ठेवलं तर? समजा दुकानदारानं शंभराला चाळीस असं कमिशन मागितलं. चाळीस रुपयांवर झाले १६ रुपये. काकांच्या हाती किती येतात? २४. आणि प्रत पडली २५ला! म्हणजे पुस्तक विकलं की काकांचा एक रुपया जातो. दुकानदार काही लुटारू नसतो, हेही सांगते. त्याला दुकानाचं भाडं आहे, नोकर आहे, न खपलेली पुस्तकं सांभाळायची आहेत. पण छोट्या पुस्तकाला ते गणित झेपत नाही. किंमत वाढवावी तर ८० रुपयांची पुस्तिका कोण घेणार? म्हणून काका स्वतः सतरंजी घेऊन येतात. सतरंजीवर ४०चे ४० त्यांचे. साडेबारा हजार परत मिळवायचे तर ३१३ प्रती विकल्या पाहिजेत.

एवढ्यात एक गृहस्थ आले. सोबत तुमच्याएवढा मुलगा. त्यांनी पुस्तिका चाळली आणि म्हणाले, "तीसला द्या, दोन घेतो." काका काही बोलले नाहीत, दोन प्रती कागदात गुंडाळून दिल्या. तुम्ही आता करा गणित. सगळ्यांनी तीसच दिले तर किती प्रती विकाव्या लागतील? ४१७. म्हणजे जास्तीच्या १०४. आईबाबांनो, भाजीवालीशी घासाघीस करू नका असं आपण मुलांना सांगतो, (आणि स्वतः करतो!) पण ज्यानं पुस्तक लिहिलं तोच समोर बसलेला असताना दहा रुपयांसाठी अडून बसणं मला तरी बरं वाटत नाही.

त्यानंतर यवतमाळकडची एक आजी आली. रोजमजुरी करणारी असावी. तिनं पुस्तक हातात घेतलं, उलटं धरलं, मग सुलट केलं. म्हणाली, "मले वाचता नाई येत भाऊ. नातीसाठी घेतो. पयलं पान वाचून दाखवा न." काकांनी चष्मा लावला आणि भर गर्दीत पहिलं पान वाचलं. पूर्ण. आजी खाली बसून ऐकत होती. मग पदराची गाठ सोडून तिनं चाळीस रुपये मोजून दिले आणि पिशवीतल्या साडीच्या घडीत पुस्तक नीट ठेवलं. काकांनी वहीत एक उभी रेघ मारली. चार उभ्या, पाचवी आडवी, असा त्यांचा हिशेब होता. मी निघाले तेव्हा वहीत २६० झाल्या होत्या आणि दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होत आली होती.

तुम्ही म्हणाल, एवढा त्रास कशाला? मोठ्या प्रकाशकाला दिलं असतं तर? आज देता येतं, निदान विचारता तरी येतं. पण नेहमी तसं नव्हतं, आणि म्हणूनच ही सतरंजी इथं आली.

नागपूर जिल्ह्यातल्या मोहप्याचे किसन फागूजी बनसोड यांचं नाव तुमच्या पाठ्यपुस्तकात कदाचित सापडणार नाही. जन्म १८७९चा. शिवाशिवीचा तो काळ. आपल्या लोकांचं म्हणणं कुणी छापणार नाही, हे ओळखून त्यांनी स्वतःच छापायचं ठरवलं. १९१०मध्ये 'निराश्रित हिंद नागरिक', १९१३मध्ये 'विटाळ विध्वंसक', १९१८मध्ये 'मजूर पत्रिका', १९३१मध्ये 'चोखामेळा' अशी एकामागून एक पत्रं त्यांनी काढली. एक बंद पडलं की दुसरं! पुढे धर्मांतराच्या प्रश्नावर त्यांचं आणि बाबासाहेबांचं पटलं नाही, तेही खरं. पण नागपुरात आपलं आपण छापायची वाट पाडणाऱ्यांत ते फार पुढे होते.

बाबासाहेबांचंही तसंच. ३१ जानेवारी १९२०ला त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केलं. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पण त्या काळच्या एका मोठ्या वृत्तपत्रानं 'मूकनायक'ची साधी जाहिरात छापायला नकार दिला. फुकट नाही हं, पैसे देऊन! मग १९२७मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३०मध्ये 'जनता', १९५६मध्ये 'प्रबुद्ध भारत'. बाबासाहेब घटना लिहिणारे म्हणून आपल्याला ठाऊक असतात. ते आयुष्यभर वर्गणी, कागद आणि छपाईच्या बिलांच्या काळजीत असलेले संपादकही होते, हे मात्र आपण विसरतो.

आणि आता एक गोष्ट सांगते, ती मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा त्यांचा शेवटचा मोठा ग्रंथ. तब्येत ढासळलेली असताना लिहिलेला. लिहून झाला, पण छापायचा कसा? १४ सप्टेंबर १९५६ला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. छपाईला सुमारे २०,००० रुपये लागतील, ते माझ्या आवाक्याबाहेर आहे, तेव्हा सरकारनं ग्रंथालयांसाठी ५०० प्रती विकत घ्याव्यात, असं त्यात होतं. त्या वर्षी बुद्धांची अडीच हजारावी जयंती सरकार साजरी करत होतं. नेहरूंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी निघालं. जयंतीच्या पुस्तकांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, तरी तुमचं पत्र जयंती समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवतो. आणि पुढे त्यांनी सुचवलं, की जयंतीच्या सोहळ्यात दिल्लीत आणि इतर ठिकाणी बाहेरून पुष्कळ लोक येतील, तेव्हा पुस्तक विक्रीला ठेवता येईल.

५०० प्रती! आपल्या एसटीवाल्या काकांनी जेवढ्या छापल्या तेवढ्याच.

या पत्रानंतर बरोबर एका महिन्यानं बाबासाहेब नागपुरात दीक्षा घ्यायला उभे राहिले. ६ डिसेंबर १९५६ला ते गेले. ग्रंथ छापून आला तो १९५७मध्ये. त्यांना तो पाहायला मिळाला नाही. पुढे भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्याचं हिंदी भाषांतर केलं, मराठीतही तो आला, आणि आज दीक्षाभूमीवर असा एक पुस्तकांचा मंडप दाखवा की जिथं तो ग्रंथ नाही. सोहळ्यातच तो विकला जातो आहे. फक्त विकत घेणारे परदेशी पाहुणे नाहीत, ट्रकमधून आलेली माणसं आहेत.

सणाला पुस्तकं विकायची रीत दुसरीकडेही आहे, बरं का. उत्तरेला पार ध्रुवाजवळ आईसलँड नावाचा चिमुकला देश आहे. तिथं नाताळच्या आधी इतकी नवी पुस्तकं बाजारात येतात की त्याला ते 'योलाबोकाफ्लोद' म्हणतात, म्हणजे नाताळातला पुस्तकांचा पूर! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाकीच्या वस्तू मिळेनात, कागद मात्र मिळत होता. म्हणून लोक एकमेकांना पुस्तकंच भेट देऊ लागले. २४ डिसेंबरच्या रात्री पुस्तक उघडायचं आणि वाचत बसायचं. युरोपात नाताळच्या बाजारात मेणबत्त्या नि लोकरी मोज्यांच्या शेजारी आपलं स्वतः छापलेलं पुस्तक घेऊन बसणारे लेखकही असतात. तिथं थंडीनं बोटं गारठतात, इथं ऑक्टोबरच्या उन्हानं डोकं तापतं. वाट पाहणं मात्र सारखंच.

एक गोष्ट नीट सांगायला हवी. स्वतः छापलेलं सगळंच चांगलं असतं, असं मुळीच नाही. मोठ्या प्रकाशकाकडे संपादक असतो, मुद्रितं तपासणारा असतो. इथं काही पुस्तिकांत ऱ्हस्व-दीर्घाच्या इतक्या चुका असतात की माझा हात लाल पेनाकडे जातो. काहींत ऐकीव गोष्टी खऱ्या म्हणून ठोकून दिलेल्या असतात. १ जानेवारी २०१७पासून आणखी एक झालं. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवरचा कॉपीराइट संपला, कारण आपल्या कायद्यात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे आता ती पुस्तकं कुणीही छापू शकतो. त्यामुळे ती स्वस्त झाली, हे चांगलंच. पण मधलीच पानं गाळलेल्या, घाईघाईत छापलेल्या प्रतीही आल्या. तेव्हा घेण्याआधी मधलं एखादं पान उघडून वाचा. माहिती कुठून मिळवली ते लेखकानं सांगितलंय का बघा. ते बारीक अक्षरांचं पानही बघा. आणि लेखक समोरच बसलाय की! सरळ विचारा, "काका, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" पुण्या-मुंबईच्या दुकानात ही सोय नाही. खरा लेखक या प्रश्नावर चिडत नाही, उलट तासभर सोडत नाही.

२०२० साली कोरोनामुळे दीक्षाभूमीवरचा सोहळा झालाच नाही. बाकी सगळ्यांना घरातून वंदन करता आलं. सतरंजीवाल्यांची पोती मात्र तशीच पडून राहिली. कारण यांचं वर्ष सणांवर चालतं. दसऱ्याला नागपूर, ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ एप्रिलला गावोगावची जयंती. एसटीवाले काकाही उरलेल्या प्रती पिशवीत भरून दादरला जाणार होते. "पास हाये न माह्याजवळ," म्हणाले.

आता तुमची पाळी. नाताळच्या सुट्टीत एक पुस्तक करायचं. एक मोठा कोरा कागद घ्या. मधोमध दुमडा, पुन्हा आडवा दुमडा. चार पानं झाली, म्हणजे आठ पृष्ठं. दुमडलेलं असतानाच कोपऱ्यात पेन्सिलनं १ ते ८ आकडे घाला आणि मग कागद उलगडा. आकडे सगळे उलटेसुलटे! एका बाजूला १, ८, ४, ५ आणि दुसऱ्या बाजूला २, ७, ३, ६. घाबरू नका. मधल्या उभ्या घडीच्या दोन्ही बाजूंच्या आकड्यांची बेरीज करून पाहा. १ आणि ८, ४ आणि ५, २ आणि ७, ३ आणि ६. प्रत्येक वेळी ९ येईल. आणखी एक घडी घातली तर १६ पृष्ठं होतात, आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंची बेरीज १७. छापखान्यात या सोळा पानांना फॉर्मा म्हणतात. म्हणूनच पुस्तिका बहुधा १६, ३२ नाहीतर ४८ पानांच्या असतात. काकांचे तीन फॉर्मे होते.

मधोमध दोन टाके घाला, वरची घडी फुटपट्टीनं कापा, झालं पुस्तक. आत काय लिहायचं? परीकथा नको. तुमच्या आजीला किंवा शेजारच्या आजोबांना एक प्रश्न विचारा, "तुमची शाळा कशी होती?" जे सांगतील ते लिहा. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत लेखक, प्रकाशक, मुद्रक, पत्ता, आवृत्ती हे सगळं पाहिजे. आणि किंमत. आमच्या चौथीच्या वर्गात हे केलं तेव्हा एका मुलानं लिहिलं होतं, 'किंमत २ रुपये. आजीला फुकट. उधार मागू नये.' त्याची एकच प्रत होती आणि ती मी दोन रुपये देऊन घेतली.